मागून आणलेली कुंची

आमच्या घरात कुणाला द्यायची वस्तू कुणी विकत आणली, तर माय आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघायची, ताप तर नाही ना म्हणून. लग्न असो, बारसं असो, पोळा असो, द्यायचं ते हातानं केलेलं. आप्पांचं नांदेडात किराण्याचं दुकान होतं. दिवसभर गूळ-मिरची जोखून आलेला हा माणूस पोळ्याच्या आधी अंगणात ज्वारीची धाटं घेऊन बसायचा आणि गल्लीतल्या एकूण एक पोरासाठी बैलगाडी करायचा. चाकं फिरायची, जू काढता-घालता यायचं, सगळं. माय मण्यांची तोरणं करायची. माझी थोरली बहीण, आमची अक्का, हातात सुई आली की काय करेल याचा नेम नव्हता. उरले मी. मी एकदा मामेबहिणीसाठी मण्यांचा पोपट केला, तो आमच्याकडे अजून बेडूक म्हणूनच सांगितला जातो. तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

हे सगळं निजामाच्या राज्यातलं, त्याच्या शेवटच्या वर्षांतलं. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, दुकानाच्या पाटीवर उर्दू, आणि घरात आमची मराठी, तिच्यातही निम्मे शब्द तिकडचेच. पुढचा रझाकारांचा सगळा गोंधळ अजून यायचा होता. लढाई मात्र चालू होती, कुठे तरी लांब समुद्रापलीकडे. आमच्यापर्यंत ती पोचली ती कापडाच्या टंचाईनं. पैसे देऊनही कापड मिळेना. कंट्रोलच्या दुकानापुढं उन्हात उभं राहायचं आणि जो मिळेल तो जाडाभरडा मांजरपाट कडेवर घेऊन यायचा. जुन्या लुगड्याचा परकर, परकराची पिशवी, पिशवीचं फडकं, असा एकेका कापडाचा जन्म लांबत जायचा.

त्या दिवसांत माझ्या हातून आयुष्यातली एक धड वस्तू झाली. ती होती एक कुंची, म्हणजे तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात ती. ती मी एकटीनं केली असं म्हणायची माझी छाती नाही. पण सुरुवात माझी होती, आणि हे मी हक्कानं सांगते.

अक्काला लातूरला दिली होती. तिच्या सासरची गंजात, म्हणजे मोठ्या बाजारपेठेत, आडत होती, कापसाची आणि तुरीची. तिच्या लग्नात सासरकडच्या बायकांनी रुखवतातला एकेक रुमाल उलटा करून बघितला, मागच्या बाजूला कुठं गाठ दिसते का म्हणून. एकही दिसली नाही. त्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात. इतक्या हिरमुसल्या होत्या बिचाऱ्या.

पहिल्या वेळी ती बाळंतपणाला आमच्याकडे आली, तेव्हा बाळंतविड्याची सगळी तयारी तिनं स्वतःच केली. झबली, टोपरी, दुपटी, पाळण्यावर टांगायची मण्यांची चिमणी, आणि जांभळ्या खणाची कुंची. मुलगा झाला. महिनाभर होता, मग तापानं गेला. ती कुंची त्याच्या अंगाला दोनदा लागली असेल नसेल. दुसऱ्या खेपेला लातूरलाच मुलगी झाली, त्या पोरीनं एकदा रडूनसुद्धा दाखवलं नाही. त्यानंतर अक्कानं सुई हातात धरली नाही. फाटलेलं लुगडं ती तसंच नेसायची, पण दोरा ओवायची नाही.

तिसऱ्या वेळी सातव्या महिन्यात तिला आणायला आप्पांबरोबर मीही गेले. परभणीला गाडी बदलायची, मग परळीकडच्या गाडीनं लातूर रोड, आणि तिथून पुढं मोटार. पेट्रोल नव्हतं म्हणून मोटारी कोळशावर चालायच्या. चढ आला की ड्रायव्हर निवांत बिडी पेटवायचा आणि उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. आप्पांनी आपलं पागोटं माझ्याकडं दिलं आणि ढकललं. लातुरात शिरलो तेव्हा गंजात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि रस्त्याभर सरकीचा वास होता.

अक्काची सासू भली बाई. तिनं आप्पांना ओसरीवर बसवलं आणि हळूच सांगितलं, "तुमच्याकडं न्या तिला. जेवती, काम करती, समदं करती, पर लेकराचा सबूद काढला की उठून जाती. मला लई भ्या वाटायलंय."

अक्कानं लुगडी तेवढी गाठोड्यात बांधली. मी कोनाड्यातला सुया-दोऱ्यांचा डबा घेऊन धावले. म्हटलं, "अक्का, हे राहिलं की."

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. मी डबा परत ठेवला. मला तेव्हा बारावं सरत आलं होतं आणि कुठं गप्प बसायचं एवढं कळायला लागलं होतं.

नांदेडला आल्यावरही तेच. शेजारणी यायच्या, कितवा चाललाय विचारायच्या, आणि अक्का परसात निघून जायची. बाळंतविड्याचं नाव काढलं की कपाळावर आठी. माय तिच्या पाठीमागं चुलीपाशी बसून मला सांगायची, जणू मी तिच्या बरोबरीची होते. "बाळंतपणाची मला भीती न्हाई गं. पोरीनं मनच काढून घेतलंय. आईच मागंना झाली तर त्या लेकरानं कुणासाठी यायचं अन् कुणासाठी राहायचं?"

आमच्याकडे एक रीत होती. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिच्या बाळाला नवं काही शिवायचं नाही. ज्या घरात पोरं नांदती-खेळती आहेत, तिथून त्या पोरांच्या अंगावरची जुनी चिंधी मागून आणायची. असे तुकडे जोडून कुंची करायची आणि बाळाला पहिलं तेच घालायचं. नव्यावर सगळ्यांची नजर जाते, चिंध्यांकडं कोण बघतं, असा त्यातला हिशेब. आणि मागायचं आईनं स्वतः, पदर पसरून, तोंडानं बोलून. आमची सुईण हे सांगून गेली तेव्हा अक्का तुळईकडं बघत पडली होती.

"मी न्हाई मागणार," ती म्हणाली. "दोनदा मागून झालंय."

माय उठून बाहेर गेली. जरा वेळानं तिनं मला हाक मारली आणि जाहीर केलं की पाठची बहीण गेली तरी चालतं. हा नियम तिनं त्याच घटकेला केला होता, याबद्दल मला शंका नाही. पण माय एकदा बोलली की तो नियम सात पिढ्यांचा असायचा.

निघताना तिनं दाराशी मला थांबवलं. "समोरच्या पडद्याच्या घरी जाऊ नको."

ते मला सांगायला नको होतं. आमच्या समोर कचेरीतल्या एका कारकुनाचं घर होतं, दारावर गोणपाटाचा पडदा. त्याची बायको लग्न होऊन आमच्या गल्लीत आली तेव्हा अक्काच्याच वयाची. ती अक्काला ताई न म्हणता बहन म्हणायची. दोघी दुपारभर एकाच चटईवर बसून शिवायच्या. तिनं अक्काला कुर्त्यावरचा कशिदा शिकवला, अक्कानं तिला कुंची शिकवली. अक्काचा पहिला झाला त्याच आठवड्यात तिलाही मुलगा झाला. तिचा राहिला. तेव्हापासून अक्का माहेरी आली की तो पडदा खाली असायचा, आणि एरवी गल्लीभर हुंदडणारं ते पोर बाहेर दिसायचं नाही. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. अक्का त्या बाजूला बघायची नाही आणि ती पोराला बाहेर सोडायची नाही, इतकंच.

तर मी निघाले, पदर नव्हता म्हणून परकराचा ओचा पसरून. पहिलं घर सरदारणीचं. तिचे तीन नातू, तिन्ही धटिंगण. मी म्हटलं, "अक्कासाठी जुनं कापड द्या, लेकरांच्या अंगावरचं." तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी तिच्या घरात चोरी करायला आले. "जुना कपडा? हमारी लडकी को?" आणि पेटीतली पगडीची कोरी मलमल काढून टर्रकन फाडली. पुढं विणकराचं घर, धर्माबादकडचं तेलंगी कुटुंब. "पात बट्टा? वद्दु, वद्दु," ती बाई म्हणाली, जुनं फडकं कसं देऊ, नको नको, आणि मागावरून नुकतंच उतरलेलं लाल काठाचं कापड कापून दिलं. तिसऱ्या घरी आडत्याच्या सुनेनं खण दिला, घडी न मोडलेला. आप्पांच्या दुकानात पोती उचलणाऱ्या हमालाच्या बायकोकडं गेले, तर तिनं कंट्रोलच्या रांगेत उभं राहून पोरासाठी आणलेला मांजरपाट पुढं केला. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "माझ्या पोराला उघडं हिंडायची सवय हाय. बाळंतिणीला चिंधी दिली म्हणून गल्लीत नाव करू का माझं?"

मी ओचा भरून, मान ताठ करून घरी आले. मायनं एकेक तुकडा सतरंजीवर पसरला. पसरता पसरता तिचा हात मंदावला.

"यात एक तरी जुनं हाय का गं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एकही नव्हतं. ज्या कापडासाठी सगळं गाव तरसत होतं ते कोरं करकरीत कापड आमच्या सतरंजीवर पडलं होतं, आणि ज्या कामासाठी आणलं त्या कामाला ते चालत नव्हतं.

"मी जुनंच मागितलं," मी म्हणाले. "ते नवं द्यायला लागले. मग काय भांडू का त्यांच्यासंगं?"

माय आधी चिडली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या गल्लीत घासातला घास काढून देणारी माणसं होती, पण आपलं फाटकं दुसऱ्याला दाखवायची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज. परत द्यायला जावं तर तो अपमान. ठेवावं तर बाळाच्या अंगाला नवं लागणार.

मग मायनं तोड काढली. कापड नवं आहे तर ते जुनं करायचं. ज्या घरातून आलं त्याच घरच्या पोरानं ते वापरायचं, आणि वापरून झालं की आम्ही घेऊन यायचं. हे सांगायला ती स्वतः घरोघर गेली. बायकांना आपली चूक कळली, तेव्हा त्या इतक्या ओशाळल्या की कापड जुनं करायच्या कामाला हिरिरीनं लागल्या.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या गल्लीतली पोरं जशी नटून हिंडली तशी कधी दिवाळीलाही हिंडली नसतील. आडत्याच्या नातवानं खणाचा लंगोट लावून तालीम काढली. सरदारणीच्या धाकट्यानं मलमलीत गोदावरीतले मासे धरले. विणकराच्या मुलीनं लाल काठाचं कापड डोक्याला बांधलं आणि ती त्यात झोपायलासुद्धा लागली. हमालाचा पोरगा मांजरपाट पांघरून उकिरड्यावर राजा होऊन बसायचा. त्यांच्या आया एरवी एका डागासाठी पाठीत धपाटा घालणाऱ्या, पण आता स्वतः सांगायच्या, "लोळ रे, जरा मातीत लोळ." आप्पांनी एक तुकडा गल्ल्यावर बसताना मांडीखाली घेतला होता, आपल्यापरीनं हातभार म्हणून. मायनं तो ओढून काढला. "लेकराचं पाहिजे," ती म्हणाली, "तुमच्या मांडीचा इथं काय संबंध?"

हे सगळं अक्का खिडकीतून बघायची. काय चाललंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. पण तो लंगोटवाला पैलवान शेजारच्याच्या अंगावर धावून गेला, तेव्हा मी तिचे ओठ हललेले बघितले. हसलीच होती ती, मी शपथेवर सांगेन.

तुकडे गोळा होऊन आले, रिठ्याच्या पाण्यात धुऊन वाळले, आणि मी शिवायला बसले. मायला दम्यानं धरलं होतं, म्हणून काम माझ्यावर आलं. मी माजघरात, अक्काच्या समोर, मुद्दाम. खणाचा तुकडा मलमलीला जोडला. दोरा मध्येच गुंडाळला जात होता, टाके एक इकडं एक तिकडं. अक्का भिंतीला टेकून बसली होती. बराच वेळ तिनं सहन केलं.

"त्याला धावदोरा म्हणत न्हाईत," ती शेवटी म्हणाली. "लंगडत चाललाय तो."

"मग तू घाल की," मी फणकारले. मला खरंच राग आला होता. बोट टोचून टोचून लाल झालं होतं.

मी पुन्हा खाली मान घालून शिवू लागले, जरा जास्तच वाईट. खोटं कशाला बोलू, थोडं मुद्दामही असेल. अक्का सरकत आली आणि माझ्या हातातून कापड काढून घेतलं. आधी तिनं फक्त उसवलं. नखानं एकेक टाका उचकटून माझी दोन दिवसांची मेहनत तिनं सतरंजीवर सांडली. मग सुई मागितली. दोरा पहिल्यांदा ओवला गेला नाही. मी पुढं झाले तर म्हणाली, "राहू दे, मला येतंय."

त्या दुपारी तिनं तुकडे मांडले. खण कपाळावर येईल असा, लाल काठ दोन्ही बाजूंनी, मलमल मागं पाठीवर, मांजरपाट खाली, जिथं झिजेल तिथं. माझे तुकडे जसे हाताला आले तसे जोडलेले होते; तिनं मांडल्यावर तेच तुकडे एकमेकांचे सोयरे वाटायला लागले. माय दारातून बघून गेली आणि एक अक्षर बोलली नाही. मायच्या आयुष्यात असं फार थोड्या वेळा झालं असेल.

वरची बाजू झाली आणि अक्कानं विचारलं, "अस्तराला काय हाय?"

मी उरलेले तुकडे पुढं केले. तिनं एकेक घेऊन गालावर घासून बघितला आणि बाजूला ठेवला. पोरांनी आठ दिवस वापरलं तरी कापड मूळचं नवं, आतली खळ गेली नव्हती.

"हे न्हाई चालायचं," ती म्हणाली. "टोचंल. टाळू कोवळी असती."

आणि ती थांबली. सुई हातात तशीच. येणाऱ्या बाळाबद्दल इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा बोलली होती आणि ते तिच्या स्वतःच्याच कानावर आत्ता पडलं होतं. वाटलं आता ती सगळं टाकून परसात जाणार.

ती गेली नाही. "खरंच जुनं, मऊ झालेलं कुणाकडं मिळंल?" तिनं विचारलं.

मला माहीत होतं. दाराआड उभ्या असलेल्या मायलाही माहीत होतं. गल्लीतलं पोरांचं एकच घर राहिलं होतं. अक्का खिडकीतून समोरच्या पडद्याकडं बघत राहिली. मग भिंतीला हात लावून उठली आणि डोक्यावरून पदर घेतला.

"चल," ती मला म्हणाली.

गल्ली ओलांडायला कितीसा वेळ लागतो. पण सातवा सरून आठवा लागलेली बाई आणि तिच्या मागं मी, आणि ओट्याओट्यावर निवडत-टिपत बसलेल्या बायका हात थांबवून बघत राहिलेल्या, अशा आम्ही निघालो. अक्कानं गोणपाट बाजूला केला. आत कारकुनाची बायको बसून मुलाला भाकर भरवत होती. अक्काला बघताच तिनं ताट ढकललं आणि पोराला आतल्या खोलीकडं लोटलं. "अंदर जा रे. जा बोली ना!"

"आत नको पाठवू," अक्का म्हणाली. "बोलाव त्याला."

ती हलली नाही. तिच्या डोळ्यांत भीती होती, आपल्या पोराबद्दलची नव्हे, त्याला बघून अक्काचं काय होईल याची. पोर मात्र मधल्या दारात घुटमळलं होतं, तोंडाला भाकरीचा चुरा. अक्कानं हात पुढं केला तसं ते आलं. बोलावलं की येणारं पोर होतं ते. अक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तसाच सरळ आपल्याकडं आणला. कमरेच्या जरा खाली टेकला.

"एवढा असता, न्हाई का गं?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, आता कशाला ते. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "हौ बहन. इत्ताच रहता."

मग दोघी रडल्या. अक्का दोन्ही बाळांच्या वेळी जेवढं रडली नव्हती तेवढं तिथं उभ्यानं रडली. मीही रडले, आणि आपण का रडतोय याचा मला रागही येत होता. पोर बावचळून एकदा आईकडं, एकदा अक्काकडं बघत होतं.

डोळे पुसून अक्कानं पदर पसरला. दोन्ही हातांनी, पुढं, जसा सांगितला होता तसा. तिचा प्रत्येक शब्द कळत होता. "तुझ्या लेकराच्या अंगावरचं जुनं दे. माझं लेकरू जगू दे."

त्या बाईनं पेटी उघडली नाही. तिनं पोराच्या अंगातला कुर्ताच काढला, डोक्यावरून. तिच्याच ओढणीचा शिवलेला, धुऊन धुऊन रंग गेलेला, कोपराला विरलेला, लोण्यासारखा मऊ. तिनं तो अक्काच्या पदरात टाकला आणि वरून स्वतःचा हात ठेवला. पोर उघडंच उभं राहिलं, मग लाजून आईच्या मागं लपलं. त्या दिवसापासून तो गोणपाटाचा पडदा दिवसा वर असायचा, आणि ते पोर आमच्या घरात इतकं राहू लागलं की माय त्याला हाकलायला लाटणं घेऊन उठायची आणि येताना गूळ घेऊन यायची.

अस्तर दोघींनी मिळून लावलं, पुन्हा एका चटईवर बसून. मला बंद शिवायला दिले, हनुवटीखाली बांधायचे. ते मी शिवले, आणि ते सुटले नाहीत.

मुलगी झाली. रडली ती अशी की गिरणीचा भोंगा ऐकू येऊ नये. ती माझी भाची आज स्वतः आजी आहे आणि तोंडानं आमच्या घराण्याच्या वरताण आहे. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? पहिला महिना आम्ही सगळ्यांनी पाय न वाजवता काढला. तो महिना सरल्यावर मगच लातूरहून सासू आली, जंगमस्वामी आले, आमच्या लिंगायतांच्या रीतीनं त्यांनी बाळाच्या गळ्यात लिंग बांधलं, आणि नाव ठेवायची वेळ झाली. समोरची पोराला घेऊन आली होती, आणि ज्यांची ज्यांची चिंधी त्या कुंचीत होती त्या सगळ्या आपापल्या तुकड्यावर नजर ठेवून बसल्या होत्या.

नावाचीही रीत ठरलेलीच. मागून आणलेल्या बाळाला चांगलं नाव द्यायचं नाही. दगड, धोंडा, उकिरडा, असलं काही तरी म्हणायचं, म्हणजे कुणाची दृष्ट वळायची नाही. सासूनं असंच एक नाव ठरवून आणलं होतं आणि माय मान हलवत होती. मला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण माझं कोण ऐकतंय.

अक्का कोपऱ्यात बसली होती, मांडीवर ती कुंचीतली पोर. तिनं मान वर केली. "तसलं नाव न्हाई ठेवायचं," ती म्हणाली. "चांगलं ठेवायचं. मी ठरवलंय."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. "अगं, जरा दमानं," सासू म्हणाली. "वरीस तरी सरू दे. कुणाची नजर लागंल."

"लागू द्या," अक्का म्हणाली. "भर दुपारी, समद्यांच्या देखत पदर पसरून मागितलीय मी तिला. आता कुणापासून लपवू?"

आत्यानं पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं, पण अक्का तेवढं थांबली नाही. पोरीचा चेहरा आपल्याकडं वळवून तिनं स्वतःच नाव घेतलं, एकदा, आणि मग पुन्हा एकदा, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.